मापाची बाई

१

आमच्या कोर्सचं नाव काढलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. "म्हणजे कार्टून काढता का?" आणि "मग पुढे काय?" डिजिटल आर्ट आणि क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी, असं पूर्ण नाव सांगितलं की "अच्छा अच्छा" म्हणून विषय बदलतात. माझ्या आईला तर शेवटचं वर्ष संपत आलं तरी वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकतेय. शेजारच्या मावशींचा प्रिंटर बंद पडला तेव्हा तिने मला फोन केला होता, चार तासांच्या अंतरावर बसलेल्या मला. मी काय फुंकर मारणार होते फोनमधून?

तर शेवटचं प्रोजेक्ट. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि एका घरात हिंडायचं, इतकी साधी कल्पना. घर माझंच घेतलं. सुट्टीत गेले होते तेव्हा फोनने अकराशे फोटो काढले, भिंत न् भिंत, कोपरा न् कोपरा, आणि त्यातून कॉम्प्युटरवर घर उभं केलं. हॉल, आतली खोली, स्वयंपाकघर. आई लोकांचे कपडे बेतून-शिवून देते, त्यामुळे तिचं मशीन, कात्री, दोऱ्यांचा डबा, खुर्चीवर पडलेली कुणाची तरी उसवलेली पँट, सगळं त्यात आलं. पंख्यावरची धूळसुद्धा आली. आई मात्र आली नाही. "अवतार बघ माझा. मला नको घालूस त्यात," असं म्हणून मी ज्या खोलीत जाईन तिथून उठून ती दुसरीकडे जाऊन बसायची.

आणि प्रोजेक्ट तपासणाऱ्या मॅडमनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. हेडसेट काढला, केस नीट केले आणि म्हणाल्या, "घर छान आहे. पण यात माणूस कुठाय?"

एवढ्या एका वाक्यावर मागच्या सहामाहीत मी नापास झाले. आता दुसरी आणि शेवटची संधी. या वेळी रिव्ह्यूत गचकले तर सगळं वर्ष पाण्यात.

२

थ्रीडीत एक कटकट असते. आकार कळत नाही. दार सहा फुटांचं आहे की साठ, स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून प्रत्येकजण आपल्या सीनमध्ये एक माणूस उभा करून ठेवतो. त्याच्या शेजारी खुर्ची ठेवायची, ओटा ठेवायचा, आणि अंदाज घ्यायचा. आमच्या वर्गात त्याला मापाचा माणूस म्हणतात. काम झालं की त्याला लपवायचं. डिलीट कुणी करत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लागतोच. स्क्रीनच्या कडेला सीनमधल्या सगळ्या वस्तूंची यादी असते, तिच्यात त्याच्या नावापुढे डोळ्याचं चित्र असतं, ते बंद केलं की झालं. आहे तिथेच राहतो, फक्त दिसत नाही.

तयार माणसं इंटरनेटवर ढिगाने मिळतात. पण मला अंगात किडा. म्हटलं, माझं घर आहे तर माप पण माझंच हवं. गेले स्कॅनरच्या खोलीत.

तिथले लॅबवाले काका म्हणजे एक स्वतंत्र वैताग. "हात पसरा. अजून. खांद्याच्या रेषेत. हलायचं नाही. श्वास हळू." गोल फिरणारे दिवे इतके प्रखर की मी डोळे मिटून घेतले. दोन मिनिटं तशी उभी, हात आडवे, डोळे बंद, अंगात मोहरीच्या रंगाचा जुना स्वेटर, उजव्या कोपरावर हे एवढं भोक. काका म्हणाले, "डोळे मिटलेत तुम्ही. परत करू." मी म्हटलं, "राहू द्या हो काका, मापालाच पाहिजे. तिला कुठे वर्तमानपत्र वाचायचंय?"

मापाची बाई तयार. स्वयंपाकघराच्या दारात उभी केली, दाराची उंची बरोबर आली, डोळा बंद करून लपवली. विषय संपला.

३

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन.

"येशील ना गं ठमे?"

"आई, शुक्रवारी माझा रिव्ह्यू आहे. मी गेल्या महिन्यापासून ओरडून सांगतेय."

"डॉक्टरांनी तारीखच ती दिली. मी काय करू? दुसऱ्या दिवशी पट्टी काढतात म्हणे. तोवर कुणीतरी जवळ लागतं."

"मावशींना सांग."

"त्यांचे गुडघे..." एवढं बोलून तिने विषय सोडला. "बरं. बघते. तू जेवलीस का?"

"जेवले. ठेव आई, काम आहे."

वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण माझा पार्टनर शेजारी बसून पाय हलवत होता. आवाजाचं काम त्याच्याकडे आहे. दिवसभर कानांवर हेडफोन, म्हणून त्याचं नावच हेडफोन. चार महिन्यांत या गृहस्थाने दार करकरण्याचा एक आवाज तयार केला होता. एक! आमच्या घराचं दार करकरतही नाही.

४

सोमवारी दुपारी पुन्हा फोन. आईचा आवाज एकदम टवटवीत.

"आलीस ते फार बरं केलंस हो. पण येताना कळवायचं तरी. मी भाजी पण आणली नव्हती."

"कुठे आले?"

"आणि बोलत का नाहीस गं? रागावलीयेस का? नुसती आपली स्वयंपाकघराच्या दारात हात पसरून उभी. मला ये-जा करता येत नाही. वाकून जावं लागतं."

मी लॅबमध्ये होते. हातातला चहाचा कागदी कप मी खाली ठेवला.

"आई, मी कॉलेजात आहे. तू माझ्याशी फोनवर बोलतेयस."

"हो, ते पण आहेच," ती सहज म्हणाली. "काल तुझ्या त्या पिवळ्या स्वेटरचं कोपर शिवून टाकलं. उभ्या उभ्याच शिवलं, तू काही हललीच नाहीस. पिवळा दोरा संपलाय, निळ्याने शिवलंय. चालेल ना?"

मी माझ्या कोपराकडे बघितलं. स्वेटर अंगातच होता आणि त्याचं भोक जागच्या जागी होतं. कातडी दिसत होती त्यातून.

मोतीबिंदू. धूसर दिसत असणार, खुंटीवरचा टॉवेल माणसासारखा दिसत असणार. किंवा, आणि हे मनात यायला नको होतं पण आलं, आईला विसरायला व्हायला लागलं असणार. एकटी राहते, दिवसभर मशीनशी बोलते. आणि संताप आला, कारण हे सगळं नेमकं रिव्ह्यूच्या आठवड्यातच व्हायचं होतं का?

"ठेव आई, काम आहे," म्हटलं आणि फाइल उघडली. कशासाठी उघडली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. यादीत मापाची बाई सापडली, डोळा उघडला, कोपर मोठं करून बघितलं.

भोक शिवलेलं होतं. निळ्या दोऱ्याने. आई रफू करते तसं, आधी उभे टाके, मग त्यांत विणलेले आडवे, आणि शेवटची गाठ आत दडवलेली.

५

हेडफोनचा हेडफोन मी अक्षरशः उपटून काढला.

"माझ्या फाइलला हात लावलास?"

"मी कशाला लावू?"

"या कोपरावर कुणी रंगवलं?"

त्याने स्क्रीनकडे बघितलं. "मस्त झालंय की. तू नाही केलंस?"

हा माणूस सरळ रेघ मारू शकत नाही, तो टाके काय रंगवणार! पण मग कुणी? लॅबमध्ये तीस जण बसतात, मशीन उघडं टाकून चहाला गेलं की कुणीही येऊन काड्या करू शकतं. मी पासवर्ड बदलला. लॅबवाल्या काकांना जाऊन विचारलं, तर ते म्हणाले, "तुमच्या बाईला शिवायला मला वेळ आहे का?" आणि बाजूचे चार जण हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मग शेजारच्या मावशींना फोन लावला. आईपासून लपवून, खालच्या आवाजात. म्हटलं, "मावशी, आईकडे जरा लक्ष द्याल? तिला भास होतायत असं वाटतंय. मी घरी आलेय म्हणते."

"अगं मग आलीच आहेस की," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज नाराज होता. "काल खिडकीत दिसलीस. दोन हाका मारल्या, ओ दिली नाहीस. मोठ्या कॉलेजात गेलं म्हणून माणसं विसरायची का? आणि काय गं, डोळे मिटून कसली उभी असतेस? योगा करतेस का?"

मावशींना मोतीबिंदू नाही. त्यांना रस्त्यापलीकडच्या दुकानावरची पाटी वाचता येते.

शेवटी हेडसेट चढवला. स्वतःच्याच घरात जायला भीती वाटते हे कुणाला सांगायची सोय आहे का? हॉल. पंखा. मशीन. स्वयंपाकघराचं दार मोकळं होतं. मी तिला तिथून हलवलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. मान वळवली. ती खिडकीपाशी होती, पाठमोरी, हात तसेच दोन्ही बाजूंना आडवे. डाव्या हातावर आईने बेतायला आणलेलं कापड टाकलेलं होतं, दांडीवर टाकतात तसं.

ते कापड मी कधी स्कॅन केलं नव्हतं. मी हेडसेट काढला तेव्हा आजूबाजूला भर दुपार होती, तीस जण टकटक करत होते आणि कुणीतरी वडा खाऊन हात पँटला पुसत होतं.

६

बुधवारी दीड वाजता आईचा फोन आला तेव्हा फाइल समोर उघडीच होती.

"आज तू हात खाली घेतलेस बाई एकदाचे," आई म्हणाली. "दुखत असतील गं. मी तेल चोळलं. गार आहेस अगदी."

बस्स. माझं डोकं फिरलं. यादीत मापाची बाई निवडली आणि डिलीट दाबलं. लपवलं नाही, डिलीट. ओळ नाहीशी झाली.

मग आई म्हणाली, "ठमे?"

"बोल."

"तू नाही गं. ही... आत्ता इथे तर होती." चपलांचा आवाज. आतल्या खोलीचं दार. बाथरूमची कडी. "ठमे! अगं कुठे गेलीस?" पुन्हा चपला, आता भरभर, आणि कशाला तरी धडकल्याचा आवाज.

"आई, हळू! पडशील. तिथे कुणी नाहीये. कुणी नव्हतंच."

"नव्हतं?"

"नव्हतं. मी इथे आहे. हे बघ, मी बोलतेय ना तुझ्याशी?"

ती खाली बसली असावी. तिचा श्वास जवळ ऐकू आला. माझी आई रडत नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा आधी सगळ्यांचा चहा केला तिने. आता ती रडत होती, आवाज न करता, नाक ओढत.

"मग उद्या माझ्याबरोबर कोण आहे?" ती म्हणाली.

माझ्याकडे याला उत्तर होतं. पाच वाजता एक बस सुटते. नवाला घरी पोचले असते. सकाळी तिच्याबरोबर दवाखान्यात, आणि शुक्रवारी पट्टी काढून झाल्यावर... शुक्रवारी तीनला रिव्ह्यू. नाही जमणार. लॅबच्या दारात मॅडम उभ्या राहून कुणाला तरी म्हणत होत्या, "तारीख बदलून मिळणार नाही, हे मी शंभर वेळा सांगितलंय."

"येतेस का गं तू?" आईने विचारलं. "खरंच येतेस का?"

मला सगळ्यांचा इतका राग आला. आईचा, डॉक्टरांचा, मॅडमचा, त्या पाय हलवणाऱ्या हेडफोनचा. कुणीच माझं काही ऐकत नव्हतं आणि सगळ्यांना माझ्याकडूनच हवं होतं. माझा डावा हात की-बोर्डवरच होता. केलेलं मागे घ्यायला दोन बटणं लागतात, आम्ही ती दिवसातून पाचशे वेळा दाबतो. बोटांना सवय असते, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. पण बोटांनी आपणहून काही केलं नाही. मी दाबली.

यादीत ओळ परत आली.

"अगंबाई!" आई फोनमध्ये रडता रडता हसली. "पडद्यामागे लपलीस होय! जीव घेतेस की काय माझा? ये, ये इकडे, बस."

"ठेव आई," मी म्हटलं. "काम आहे."

७

गुरुवारी दिवसभर मी फोन केला नाही. कामात होते, हे खरं आहे. दुपारी मावशींचा मेसेज आला. "ऑपरेशन छान झालं. मला यावंच लागलं नाही. तू होतीस म्हणून निभावलं. लेक असावी तर अशी."

मी तो तीनदा वाचला आणि फोन उपडा ठेवला. मापाची बाई लपलेली आहे ना, एवढं बघितलं. तिच्या नावापुढचा डोळा बंद होता. फाइल पाठवून दिली.

८

रिव्ह्यूच्या वेळी मॅडम आमच्या घरात सहा मिनिटं हिंडल्या. एरवी त्या दोन मिनिटांत हेडसेट काढतात. खोलीच्या मध्यभागी उभ्या राहून त्या हळूहळू वळत होत्या, एकदा तर कुणाच्या अंगावर पाय पडू नये तशा बाजूला सरकल्या.

"आता आली माणसं," त्या म्हणाल्या. हेडसेट अजून डोळ्यांवरच होता. "आई तर फार सुंदर केली आहेस. आधी का नाही घातलीस तिला?"

"आई?" मी म्हटलं.

"आणि मुलगी तिच्याकडे बघते ते. तिचे डोळे छान जमलेत."

हेडफोन माझ्याकडे कौतुकाने बघायला लागला. मी मॅडमच्या डोळ्यांवरून हेडसेट जवळजवळ ओढून घेतला. पट्टा केसांत अडकला, एक डोळा झाकला गेला, एकाच डोळ्याने दिसलं. पलंगावर दोन पाठी होत्या. एक आईची, अंबाडा सैल झालेला, कानामागे पट्टीचा चिकट कागद राहून गेलेला. दुसरी पिवळ्या स्वेटरची. तिचा एक हात आईच्या खांद्यावर होता, कोपरावर निळे टाके. ती मान वळवायला लागली. मी हेडसेट काढून टाकला.

"पास," मॅडम म्हणाल्या. "अर्थातच पास."

मी बाहेर जिन्यात पळाले आणि फोन लावला. सहा रिंग झाल्या. पाच वाजताची बस मिळेल, मी मनात म्हणत होते, आज निघते, आत्ता निघते, सामान पण नको.

"हॅलो?" आईचा आवाज. प्रसन्न.

"आई! आई, मी बोलतेय. पट्टी काढली ना? दिसतंय का तुला? ऐक, मी येतेय. आता निघतेच आहे."

"कोण बोलतंय?"

"मी गं! ठमी!"

अनोळखी माणसाशी बोलतात तशी आई अदबीने म्हणाली, "तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. माझी मुलगी घरीच आहे. ही काय समोर बसलीय, अगदी स्वच्छ दिसतेय मला." आणि तोंडापासून फोन जरा लांब धरून तिने कुणाला तरी सांगितलं, "बघ ना गं, कोणीतरी तुझं नाव सांगतंय."

तिकडे कुणीतरी हसल्यासारखं केलं. मग बोललं. माझाच आवाज, माझाच वैताग, शब्द न् शब्द.

"ठेव आई. काम आहे."

आईने फोन ठेवला.